तांबड्या मातीतली रताळी

बेळगावातून वेंगुर्ला रस्त्याने पश्चिमेकडे निघालं की हिंडलगा मागे पडेपर्यंत शहर संपत नाही. सुळग्याच्या पुढे मात्र माळ मोकळा होतो आणि मातीचा रंग बदलतो. शहराच्या पूर्वेला काळी, कसदार जमीन. इकडे तांबडी, मुरमाड, मुठीत घेतली तर बोटांवर रंग ठेवून जाणारी. उचगाव, तुरमुरी, बाची, बेकिनकेरे, कुद्रेमानी. दक्षिणेकडे बेळगुंदी, बिजगर्णी, राकसकोप आणि पार खानापूर तालुक्यातल्या जांबोटीच्या बाजूपर्यंत हीच माती. शिनोळीला राज्याची हद्द ओलांडून चंदगड तालुक्यात शिरलं तरी मातीत फरक पडत नाही. दसऱ्यापासून मार्गशीर्षापर्यंत या पट्ट्यात शेताच्या बांधावर भरलेली पोती उभी दिसतात. पोत्यांत रताळी असतात.

संपादकांनी या अंकासाठी ‘जमिनीखालचं अन्न’ हा विषय सुचवला आणि मला याच पट्ट्यातलं मावशीचं घर आठवलं. विषय गेल्या दिवाळीच्या आधीच हातात पडला होता, म्हणून कार्तिकातली काढणी गाठता आली आणि नंतर मृगातली लागणही पाहता आली. पुण्या-मुंबईच्या घरांत रताळं आषाढी, नवरात्र आणि महाशिवरात्र एवढ्यापुरतं येतं. एक-दीड किलो घ्यायचं, कीस करायचा, पुन्हा पुढच्या उपासापर्यंत त्याची आठवण नाही. मावशीच्या घरी तेच रताळं वर्षभराचा हिशेब ठरवतं: मुलांची फी, म्हशीची पेंड, पुढच्या लागणीचा खर्च. उपासाला धरून जगणारं हे पीक रोजच्या ताटात यायला हवं, असं मला तिथून परतताना ठामपणे वाटलं. का वाटलं, ते सांगण्यासाठी हा लेख.

आधी विळा, मग कुदळ

काढणीला घरची सगळी होती. काका, मावशी, मावसभाऊ, वहिनी, शाळेला सुट्टी असलेली त्यांची दोन मुलं, शिवाय शेजारच्या घरातल्या दोघी जावा. रोजंदारीवर आणलेलं माणूस एकही नव्हतं. “आज त्या आमच्यात, परवा आम्ही त्यांच्यात,” मावशी म्हणाली. हा पैरा. पैशाचा व्यवहार नाही, पण हिशेब चोख असतो. कुणाच्या घरून किती माणसं आली आणि किती वेळ राबली, हे सगळ्यांच्या ध्यानात असतं.

दहिवर वाळेपर्यंत कुणी कामाला हात लावला नाही. मग वहिनी आणि दोघी जावा विळे घेऊन पुढे झाल्या. रताळ्याचा वेल जमिनीसरशी पसरतो, एका वरंब्यावरचा दुसऱ्यावर चढतो, आणि कार्तिकापर्यंत मूळ वरंबा कुठला हेही ओळखू येत नाही. बुंध्याशी वीतभर खुंट ठेवून वेल कापायचा, गुंडाळत गुंडाळत बांधापर्यंत न्यायचा. खुंट ठेवायचा तो खणणाऱ्याला रताळं कुठे आहे ते कळावं म्हणून. वेल वाया जात नाही. दुभत्या जनावरांना हा पाला फार मानवतो. बांधावर भारे पडायला लागले तशी गोठ्यातली म्हैस लांबूनच हंबरायला लागली.

कुदळ काकांच्या हातात. साठी ओलांडलेले काका वरंब्याच्या मध्यावर घाव घालत नव्हते. खुंटापासून वीतभर लांब, कुशीतून कुदळ घालायची, खालून उचकटायचं आणि माती नुसती सैल करून पुढे सरकायचं. मागून मावशी बसत बसत येत होती. सैल मातीत दोन्ही हात घालून ती खुंट वर घेई, आणि मातीसकट रताळ्यांचा घड बाहेर येई.

त्यातला एक घड मी हातात घेऊन बघितला. एकाच बुंध्याला पाच रताळी. दोन मनगटाएवढी जाड, दोन मध्यम, एक बोटाएवढं. प्रत्येकाची मान बारीक, पोट फुगीर आणि शेपूट दोऱ्यासारखं मातीत गेलेलं. साल जांभळट गुलाबी, ओली असताना चकाकणारी. मान मोडली की तिथून पांढरा चीक टपकतो. त्या थेंबाला लगेच मातीचे कण चिकटतात आणि दुपारपर्यंत बोटं काळी पडतात. नुसत्या साबणाने तो काळेपणा जात नाही. आधी खोबरेल तेल चोळायचं, चीक सुटला की मग साबण लावायचा. वहिनीने मला हे शिकवलं तेव्हा माझ्या नखांच्या कडा काळ्या झालेल्या होत्या.

काढणीच्या वेळी रताळ्याची साल फार नाजूक असते. नखानेही निघते. म्हणून बुट्टीत रताळं टाकायचं नाही, ठेवायचं. नातू लांबून फेकत होता, तर मावशी म्हणाली, “हळू रे बाबा, साल निघतंय. उद्या यार्डात त्याचं तोंड कोण बघील?” सोललं गेलेलं किंवा कुदळ लागलेलं रताळं पोत्यात जात नाही. त्याची वेगळी बुट्टी. त्यातली बरी घरात शिजतात, उरलेली गोठ्यात जातात.

मोठ्या वावरात बैलाच्या नांगराने वरंबे फोडून रताळी उघडी करतात. हल्ली ट्रॅक्टरही घालतात. मावसभावाने दोन्ही करून बघितलं आहे. “नांगरानं काम उरकतंय, पण मागनं कापलेल्यांचीच बुट्टी भरतीय,” तो म्हणाला. त्याचं रान थोडं आहे आणि घरची माणसं अजून वाकायला तयार आहेत. पैऱ्याला माणसं मिळेनाशी झाली की नांगराशिवाय इलाज नाही, हेही त्याला माहीत आहे.

संध्याकाळी मोठी माणसं पोती शिवत होती, तेव्हा मुलांनी खणलेलं रान पुन्हा उकरायला घेतलं. हा सर्वा. मातीत चुकून राहिलेलं ज्याला सापडेल त्याचं. मुलं एवढ्या मन लावून माती चाळत होती की अंधार पडल्याचंही त्यांना कळलं नाही.

मृगातली लागण

बटाटा हे जमिनीखाली वाढलेलं खोड. त्याला डोळे असतात, आणि डोळा ठेवून केलेली फोड शेतात लावता येते. रताळं हे मूळ आहे, अन्न साठवून फुगलेलं मूळ. ते गारवेलीच्या कुळातलं. कोकणच्या पुळणीवर पसरणारी मर्यादवेल, पाणथळीतली नाळीची भाजी आणि ओढ्याकाठची बेशरम ही सगळी त्याची सख्खी भावंडं आहेत. रताळं मूळ असल्यामुळे बटाट्यासारखी त्याची फोड शेतात लावत नाहीत, वेल लावतात.

वेलाची तयारी उन्हाळ्यात सुरू होते. विहिरीकडेच्या ओलीत निवडक बारीक रताळी पुरून ठेवायची किंवा आदल्या हंगामातला थोडा वेल जगवायचा. चैत्र-वैशाखात त्याला पाणी घालण्याचं काम मावशीचं. पहिले पाऊस झाले, वरंबे ओढून झाले, की या मळ्यातून वीत-दीड वीत लांबीचे, तीन ते पाच पेऱ्यांचे तुकडे कापायचे. शेंड्याकडचा तुकडा सगळ्यात चांगला. तो जोमाने धरतो आणि त्यात किडीची अंडी असण्याची भीतीही कमी. कापलेले वेल लगेच लावत नाहीत. पानांसकट जुड्या बांधून दोन दिवस सावलीत ठेवतात, तेवढ्यात पेऱ्यांवर मुळांचे कोंब दिसायला लागतात.

लागणीच्या दिवशी पाऊस लागून राहिला होता. बायका डोक्यावरून प्लास्टिकची खोळ घेऊन वरंब्यांवर ओळीने वाकल्या होत्या. दोन वरंब्यांत दोन फुटांचं अंतर आणि दोन वेलांत वीतभर. वेलाचा मधला भाग मातीत दाबायचा आणि दोन्ही टोकं बाहेर ठेवायची. पहिल्या वरंब्यावर मी फार खोल दाबत होते. शेजारच्या काकींनी हात धरून वर घेतला: “खोल नको गे, मूळ वरच्या मातीतच फुगतंय.”

वरंब्यालाही कारण आहे. सह्याद्रीच्या उतरणीवरचा हा भाग, पावसाळ्यात इथे पाण्याला खंड नसतो. सपाट रानात पाणी तुंबलं तर रताळं कुजतं. वरंब्यातून पाणी निथळून जातं आणि भुसभुशीत मातीत मुळाला फुगायला जागा मिळते. काळ्या चिकण मातीत रताळं वेडंवाकडं होतं आणि काढताना मोडतं, इथल्या तांबड्या मातीतून मात्र ते सरळ निघतं. ज्या माळाला कसदार जमिनीतली पिकं मानवत नाहीत, तिथे हे पीक आनंदाने येतं.

खताची गोष्ट तर मला फार आवडली. शेतकऱ्याला पिकाला जास्त द्यावंसं वाटतं, पण रताळ्याला जास्त दिलं की बिघडतं. युरियाचा हात सैल सुटला तर वेल माजतो. वावर हिरवंगार दिसतं, येणारा-जाणारा कौतुक करतो आणि खाली बोटभर मुळ्या निघतात. रताळ्याला लागतं ते पालाश. म्हणून चुलीतली राख या घरात कधी टाकली जात नाही, ती वावरात जाते.

श्रावणात आणखी एक काम असतं, ते म्हणजे वेल उचलणं. पसरलेला वेल जिथे जिथे मातीला टेकतो तिथे पेऱ्यातून नवी मुळं सोडतो. ती राहू दिली तर वेलाची ताकद वाटली जाते आणि बुंध्याखालची रताळी पोसत नाहीत. म्हणून वरंब्यावरचा वेल अलगद उचलून उलटा टाकायचा. पाऊस, चिखल, पायांत जळवा, आणि तरी हे काम घरातल्या बायकांनीच करायचं. वावराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत वाकून.

भुंगा आणि डुकरं

रताळं चावल्यावर जिभेवर कडू चव आली असेल, तर तुम्ही सोंड्या भुंग्याच्या वाटेला गेलेलं रताळं खाल्लं आहे. हा भुंगा अगदी लहान, मुंगीसारखा दिसणारा, निळसर काळ्या पोटाचा आणि तांबड्या मानेचा. मादी वेलाच्या बुंध्यात किंवा रताळ्याच्या सालीत अंडी घालते. अळ्या आतून पोखरत जातात. किडीला तोंड देण्यासाठी रताळं स्वतःच कडू द्रव्यं तयार करतं. ती शिजवूनही जात नाहीत. भुंगा लागलेल्या जागेपलीकडचा गरही कडू लागतो, म्हणून तेवढाच भाग कापून टाकण्याने भागत नाही. बुरशी लागलेली, सडकी रताळी जनावरांनाही घालू नयेत. त्यातल्या विषाने गुरांची फुप्फुसं निकामी होतात. काका हे अनुभवाने सांगतात आणि पशुवैद्यही तेच सांगतात.

भुंगा खोल माती खणू शकत नाही. रताळी फुगली की वरंब्याला भेगा पडतात आणि तो त्या भेगांतून आत उतरतो. म्हणून भादव्यापर्यंत वरंब्याला मातीची भर द्यायची आणि भेग दिसली की बुजवायची. एकाच रानात सलग रताळी घ्यायची नाहीत. कृषी खात्याकडून कामगंध सापळे मिळतात, त्यांत नर अडकतात. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे पक्व झालेलं रताळं जमिनीत ठेवून द्यायचं नाही. पाऊस गेला, जमीन वाळून भेगाळली, की भुंग्याला रान मोकळं मिळतं. ही गोष्ट लक्षात ठेवा. बाजारात शेतकऱ्याचे हात बांधलेले का असतात, ते यातूनच कळतं.

रात्रीची काळजी निराळी. रानडुकराला रताळ्याचा वास मातीतूनही लागतो. एक कळप एका रात्रीत अर्धं वावर उलथून टाकतो. जंगलालगतच्या गावांत, चंदगड-खानापूरच्या बाजूला, गवेही उतरतात, ते वेल खातात आणि वरंबे तुडवतात. आश्विनात मावसभाऊ आणि शेजारची पोरं पाळीपाळीने राखणीला जातात. बॅटरी, फटाके, पत्र्याचा डबा आणि शेकोटी. नुकसानभरपाईचा अर्ज करता येतो. पंचनामा होईपर्यंत उकरलेल्या रताळ्यांना हात लावायचा नाही, आणि तोवर पुढच्या रात्री कळप परत येतो. पिकापेक्षा या जागरणाला कंटाळून इथल्या कितीतरी घरांनी माळावर काजू लावला. काजूला राखण कमी, वाकणं कमी आणि कलम एकदा लावलं की वर्षानुवर्षं चालतं. मावसभावाच्या वयाची मुलं त्याच वाटेने निघाली आहेत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही.

सौदा

पोती बेळगावच्या मार्केट यार्डात जातात. चंदगड तालुक्यातली रताळीही इथेच येतात. तालुका महाराष्ट्रातला असला तरी जवळची मोठी पेठ बेळगावच. राज्याची हद्द माणसांनी आखली, टेम्पो मात्र जुन्या वाटेनेच येतात. हंगामात पहाटेपासून पोत्यांच्या थप्प्या लागतात. अडत्याचा माणूस एक पोतं उसवून वरची रताळी बाजूला करतो, खालपर्यंत हात घालून एक बाहेर काढतो आणि मोडून बघतो. गर पांढरा, घट्ट आणि चीक ताजा असेल तर बोली चढते. थोड्याच वेळात सौदा होतो. पुढे ही रताळी मुंबई, पुणे, गुजरात आणि दिल्लीकडे रवाना होतात. थंडीत दिल्लीच्या रस्त्यावर कोळशावर भाजून, लिंबू पिळून, मसाला भुरभुरून जी शकरकंदी विकली जाते, तिच्यात या तांबड्या मातीतली रताळीही असतात.

दर ठरतो तो पंचांगाने. मृगात लावलेल्या वेलाला नवरात्रात जेमतेम शंभर दिवस भरतात. एकशेवीस दिवस मिळाले तर रताळं पोसतं, वजन धरतं आणि गोडीही वाढते. पण नवरात्रात उपासाची मागणी असते, म्हणून दर चांगला. शेतकऱ्यापुढे तेव्हा अवघड निवड असते. कोवळं, हलकं रताळं चढ्या दराने विकायचं, की भरलेलं, गोड रताळं दिवाळीनंतर पडत्या दरात? काका निम्मं वावर आधी आणि निम्मं मागून काढतात. दिवाळीनंतर आजूबाजूच्या सगळ्याच गावांची काढणी एकदम येते. आवक वाढली की दर उतरतो. थांबायची सोय नाही, कारण जमिनीत ठेवलं तर भुंगा आणि डुकरं, घरात ठेवायला जागा नाही, शीतगृहात रताळं टिकत नाही. कांद्यासारखी चाळ इथे नाही.

म्हणजे जेव्हा रताळं सगळ्यात चांगलं असतं, नेमकं तेव्हाच ते सगळ्यात स्वस्त विकलं जातं, आणि तेव्हा आपण ते घेत नाही, कारण जवळ उपास नसतो. मार्केट यार्डात उभी असताना मला हे फार लागलं. अडत, तोलाई, हमाली, टेम्पोचं भाडं वजा करून मावसभावाच्या हातात हिशेबाची पट्टी आली. ती घडी घालून खिशात ठेवताना तो काही बोलला नाही.

चूल

कुदळ लागलेल्या रताळ्यांची बुट्टी संध्याकाळी स्वयंपाकघरात आली. भाकऱ्या झाल्या होत्या. वहिनीने चुलीतला जाळ ओढून घेतला, राखेत आठ-दहा रताळी पुरली, वर निखारे पसरले आणि ती दुसऱ्या कामाला लागली. मुलांनी तीन-चारदा विचारलं. “आत्ता नाही,” एवढंच उत्तर.

या थांबण्यात सगळी गोडी आहे. कच्च्या रताळ्यात पिठूळ अंश भरपूर असतो. त्याचबरोबर त्या पिठाची साखर करणारं एक विकरही असतं. साधारण 60 ते 75 अंशांच्या दरम्यान पिठाचे कण फुगून मऊ होतात, आणि तेवढ्याच उष्णतेत हे विकर सगळ्यात जोमाने काम करतं. त्याहून तापलं की ते निकामी होतं. मंद राखेत रताळं या टप्प्यातून सावकाश जातं, म्हणून साखर भरपूर तयार होते. मायक्रोवेव्हमध्ये ते काही मिनिटांत हा टप्पा ओलांडतं. शिजतं, पण गोड होत नाही. कुकरमध्ये उकडलेलं या दोघांच्या मधलं. वहिनीने विकराचं नाव ऐकलेलं नाही, पण जाळ ओढायचा कधी हे तिला बरोबर कळतं.

राखेतून काढलेल्या रताळ्याची साल करपून सुटली होती आणि फटीतून पाकासारखा काळपट रस आला होता. सोलून, फोडून, वर घरच्या लोण्याचा गोळा. त्या रात्री भाकरीला कुणी फारसा हात लावला नाही.

दुसऱ्या दिवशी घाऱ्या. उकडलेली रताळी सोलून गरम असतानाच कुस्करायची आणि चिरलेला गूळ त्यातच घालायचा, म्हणजे तो आपोआप विरघळतो. वेलची, चिमूटभर मीठ, मग मावेल तेवढी कणीक आणि कुरकुरीतपणासाठी थोडं तांदळाचं पीठ. पाण्याचा थेंबही घालायचा नाही. रताळं किती पीठ मागतं ते रताळंच सांगतं, म्हणून प्रमाण विचारल्यावर मावशी हसली. नुकत्या काढलेल्या रताळ्यात पाणी जास्त असतं, त्याला पीठ जास्त लागतं. आठ-पंधरा दिवस ओसरीत पसरून ठेवलेल्याला कमी. त्या दिवसांत सालीवरच्या जखमा भरतात, साल घट्ट होते, पाणी आटतं आणि साखरही वाढते. विक्रीची रताळी लगेच जातात, पण घरची ठेवून खाल्ली जातात. खरी चव त्यांनाच.

गुळातल्या फोडींचंही एक मर्म आहे. जाड चकत्या तुपावर परतायच्या, पाण्याचा हबका मारून झाकण ठेवायचं आणि पूर्ण मऊ झाल्यावरच गूळ घालायचा. गूळ आधी पडला तर चकती दडस राहते, मग कितीही शिजवा. किसाचं याच्या उलट. तिथे घाई हवी. किसलेलं रताळं हवा लागून काळं पडतं, म्हणून किसणी पाण्याच्या पातेल्यावरच धरायची. मग निथळून, तूप-जिऱ्याच्या फोडणीत हिरवी मिरची आणि वर दाण्याचं कूट. दोन वाफा पुरे. तिसरी दिली की लगदा होतो. कोवळ्या शेंड्यांची लसूण घालून केलेली भाजीही मी तिथेच खाल्ली. शहरात हा पाला मिळत नाही आणि कुणी मागतही नाही.

या सगळ्यात उपास कुठेच नव्हता. हे मूळ अमेरिका खंडातलं, कोलंबसानंतरच्या काळात समुद्रमार्गाने जगाच्या बहुतेक भागांत पसरलेलं. आपल्याकडे ते आलं आणि धान्य नसल्यामुळे फराळाच्या ताटात बसलं. त्या ताटाने त्याला मान दिला हे खरं, पण तिथेच अडकवूनही ठेवलं. अलिबागकडे थंडीत लावल्या जाणाऱ्या पोपटीत भांबुर्डीच्या पाल्याखाली वालाच्या शेंगा, अंडी आणि कोंबडीच्या सोबतीला रताळंही असतं. तिथे त्याला उपासाची आठवण कुणी करून देत नाही.

पांढरा गर, केशरी गर

रताळ्यात ‘अ’ जीवनसत्त्व भरपूर असतं, असं आरोग्याच्या सदरांत सर्रास छापून येतं. आपल्या बाजारात मिळणाऱ्या लाल सालीच्या, पांढऱ्या गराच्या रताळ्याला ते लागू नाही. त्यात चोथा आहे, पालाश आहे, सावकाश पचणारी ताकद आहे, पण ‘अ’ जीवनसत्त्व देणारं केशरी द्रव्य नाममात्र. ते असतं केशरी गराच्या जातींत. अशा जाती आफ्रिकेतल्या गरीब घरांपर्यंत पोचवून मुलांमधली ‘अ’ जीवनसत्त्वाची कमतरता कमी करण्याच्या कामाला 2016 चं जागतिक अन्न पारितोषिक मिळालं. मारिया आंद्रादे, रॉबर्ट म्वांगा आणि जॅन लो हे तिघे त्याचे मानकरी, हॉवर्थ बुइस यांच्यासोबत.

आपल्याकडे तिरुवनंतपुरमजवळ श्रीकार्यम इथे 1963 पासून केंद्रीय कंदपिके संशोधन संस्था आहे. तिथली ‘भू सोना’ ही केशरी जात आणि ‘भू कृष्णा’ ही जांभळ्या गराची जात शेतकऱ्यांसाठी उपलब्ध आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाची ‘कोकण अश्विनी’ही आहे. मावसभावाने केशरी जातीचं नाव ऐकलं आहे. त्याचा प्रश्न साधा होता, “यार्डात रताळं मोडून बघितल्यावर केशरी निघालं, तर घेणार कोण?” शंका खरी आहे. अंगणवाडीच्या आहारात आणि शाळेच्या पोषण आहारात हे रताळं हक्काने घेतलं गेलं, तर तो एक वरंबा नक्की लावून बघेल, एवढं त्याने सांगितलं. शासनाने हे करावं. बेळगाव-चंदगडसारखा तयार पट्टा, वाकायला तयार असलेली घरं आणि संशोधन झालेली जात, तिन्ही एकाच वेळी हाताशी असण्याची संधी वारंवार येत नाही.

तोवर आपल्या हातात बाजाराची पिशवी आहे. दिवाळीचा फराळ संपला की मंडईत रताळी स्वस्त होतील. तीच भरलेली, गोड रताळी. घेताना मध्यम जाडीची, दोन्ही टोकं सुकलेली, सालीवर बारीक काळी भोकं नसलेली बघून घ्या. माती लागलेली असली तर धुवायची घाई नको, ओल लागली की कुजतात. फ्रीजमध्ये ठेवू नका. 12-13 अंशांखाली रताळ्याचा गाभा कडक होतो आणि तो शिजवूनही मऊ होत नाही. टोपलीत, हवेशीर कोपऱ्यात ती आठवडा-दोन आठवडे सहज राहतात आणि ठेवल्याने गोडच होतात. चूल नसली तर जाड बुडाच्या कढईत, झाकण घालून, अगदी मंद आचेवर तासभर ठेवा. मुलांच्या डब्यात द्या, सकाळच्या न्याहारीला दुधाबरोबर खा, आमटी-भाताच्या ताटात एक फोड वाढा. त्यासाठी एकादशीची वाट पाहू नका.